हवेचा फॅमिली तंबू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यात तंबू भाड्याने देतो आणि दुरुस्तही करतो. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "रात्री हवा गेली तर हो?" दुरुस्तीला येणारे तंबू मात्र वेगळंच सांगतात. हवा गेलेला तंबू बहुतेक वेळा अर्ध्या तासात उभा राहतो. ओला गुंडाळून माळ्यावर टाकलेला तंबू आम्हालाही वाचवता येत नाही. म्हणून खाली हवेबद्दल आहेच, पण वाळवण्याबद्दल जरा जास्त आहे.

हवेचा तंबू म्हणजे सगळा फुगतो का?

नाही. फुगतात ते फक्त खांब. नेहमीच्या तंबूत फायबरच्या काठ्या असतात, त्यांच्या जागी इथे जाड कापडाच्या बाह्या असतात आणि त्यांच्या आत टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची नळी. सायकलच्या टायरमध्ये ट्यूब असावी तसाच प्रकार. नळी हवा धरते आणि बाही ताण सोसते. भिंती, छत, आतली झोपायची खोली हे सगळं साधं पॉलिएस्टर कापड, त्याला आतून जलरोधक थर. हे दोन भाग वेगळे आहेत एवढं लक्षात ठेवा, पुढे पंक्चर काढताना उपयोगी पडेल.

काठ्यांचा घ्यावा की हवेचा?

दोघंच जाणार असाल तर काठ्यांचा घ्या, हलका आणि स्वस्त पडतो. ट्रेकला पाठीवर न्यायचा असेल तर हवेच्या तंबूचं नावही काढू नका. चौघांचा हवेचा तंबू पंपासकट १५ ते २० किलोच्या घरात जातो, मोठे त्याहूनही जड. तो गाडीच्या डिकीतून काढून पन्नास पावलं न्यायची वस्तू आहे. लहान हॅचबॅकमध्ये तंबू, गाद्या आणि चार माणसं एकत्र मावत नाहीत, तेव्हा आधी डिकी मोजा.

हवेच्या तंबूचा खरा फायदा उभारणीत आहे. एक मोठं माणूस एकट्याने तो उभा करू शकतं आणि दुसरं तोवर मुलांकडे बघतं. शिवाय जोराच्या वाऱ्यात काठी मोडते, हवेचा खांब वाकतो आणि वारा ओसरला की परत सरळ होतो.

'४ माणसांचा' लिहिलंय. आम्ही चौघं आणि आजी मावू का?

चौघं म्हणजे चार गाद्या एकमेकींना खेटून, मध्ये चप्पल ठेवायलाही जागा नाही. सामान धरून तिघांचा हिशोब करा. आजी बरोबर असतील तर आत उभं राहता येईल एवढी उंची हवी आणि घडीची खाट बसेल एवढी पुढची पडवी. रात्री उठून वाकत, रांगत बाहेर पडणं सत्तरीत कुणाला आवडत नाही.

हवा किती भरायची?

वाल्व्हजवळ किंवा पिशवीवर आकडा छापलेला असतो, तोच खरा. बहुतेक फॅमिली तंबूंना ६ ते ९ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) लागतं. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३० ते ३३ च्या आसपास असतं, त्यावरून अंदाज घ्या. हाताने दाबून 'टणक लागतंय' म्हणून थांबणारे दोन्हीकडे चुकतात. ४ पीएसआयलाही खांब टणकच लागतो, पण वारा सुटला की मध्येच दुमडतो. दाबाचा आकडा दाखवणारा गेज असलेलाच पंप वापरा.

गाडीच्या टायरचा पंप चालेल का? नाहीतर एअर बेडचा?

दोन्ही नाही, आणि कारणं नेमकी उलटी आहेत. टायरचा छोटा कॉम्प्रेसर दाब भरपूर देतो पण हवा थोडी थोडी सोडतो. तंबूला हवा लागते भरपूर आणि दाब कमी. तो कॉम्प्रेसर तापून बंद पडेल, तंबू अर्धाच राहील. एअर बेडचा पंप हवा भसाभसा देतो, पण दाब एक पीएसआयपर्यंतही नेत नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या नळीची कल्पनाही अधूनमधून कुणीतरी मांडतं. कृपया नको.

दोन्ही बाजूंनी हवा देणारा हातपंप तंबूबरोबर येतो तो उत्तम. घाम निघतो, पण पाच-दहा मिनिटांचं काम. वीजपंप घेणार असाल तर १२ व्होल्टचा, दाब ठरवून देता येणारा आणि तो आकडा आला की आपोआप थांबणारा घ्या.

उन्हात तंबू फुटतो का?

फुटण्याइतकं क्वचितच होतं, पण दाब बदलतो हे खरं. बंद नळीतली हवा तापली की दाब वाढतो, गार झाली की उतरतो. फेब्रुवारीत दुपारी ३४ अंशांत ७ पीएसआय भरलं आणि पहाटे पारा १२ वर आला, तर गेज साडेपाचच्या आसपास दाखवतो. ही गळती नव्हे. लोक पहाटे खांब मऊ लागला म्हणून घाबरून ७ पर्यंत भरतात, मग तीच हवा दुपारच्या उन्हात ९ च्या जवळ जाते आणि शिवणींवर ताण येतो. संध्याकाळी ऊन उतरल्यावर एकदा दाब बघा, लागली तर थोडी भरा, आणि सकाळी दहाच्या आत तेवढीच सोडा. काही तंबूंना जादा दाब आपोआप सोडणारा वाल्व्ह असतो, त्यांना ही कटकट नाही.

एप्रिल-मेमध्ये लावलेला रिकामा तंबू दिवसभर उन्हात ठेवू नका. फुटला नाही तरी उन्हाने कापड कुजतं, आणि ती झीज भरून येत नाही.

लावायचा क्रम काय?

आधी जागा. वडा-पिंपळाखाली नको, पक्ष्यांची शिट आणि वाळक्या फांद्या दोन्ही खाली येतात. आंब्याखाली चीक गळतो. पाणी साचणारा खोलगट भाग टाळा. गवताची जमीन छान दिसते, पण पावसाळ्यानंतरच्या माळावर कुसळं असतात. कुसळाचं टोक अणकुचीदार आणि मागे लांब शेपूट असते. ओल लागली की या शेपटीचा पीळ उलगडत जातो आणि टोक आत आत रुततं. संध्याकाळी नुसतं टोचलेलं कुसळ रात्रीच्या दवाने सकाळपर्यंत तळाच्या कापडातून वर आलेलं असतं. बाभळीचा काटा त्याहून वाईट. त्यामुळे जागा आधी झाडूने झाडा, मग तळहाताने चाचपा, मग ताडपत्री अंथरा. ताडपत्री तंबूच्या कडेच्या आतच दुमडून घ्या. बाहेर डोकावत राहिली तर छतावरचं पाणी तीवर पडतं आणि तंबूच्या खाली जमा होतं.

आता तंबू पसरा, पाठ वाऱ्याकडे. दारांच्या चेन लावा म्हणजे तळाचा आकार चौकोनी राहतो, एका दाराची चेन वर वीतभर उघडी ठेवा म्हणजे उभा राहताना आत हवा शिरेल. चारही कोपऱ्यांच्या खुंट्या आधी ठोका. हे न करता फुगवायला घेतलेला तंबू पहिल्या झुळकीला सरपटत शेजाऱ्यांच्या चुलीपर्यंत जातो. मग खांब भरा, पिळलेला दिसला तर थांबून सरळ करा. शेवटी ताणाच्या दोऱ्या. "वारा कुठे आहे आत्ता?" म्हणून दोऱ्या पिशवीतच ठेवणाऱ्यांचा वारा रात्री दोनला येतो.

आणि पहिली उभारणी दिवसाउजेडी, घराजवळ. पवना धरणाच्या काठी अंधारात, मुलं भुकेली असताना वाल्व्ह कसा उघडतो हे शिकू नये.

मुरमात खुंटी जात नाही. काय करायचं?

तंबूबरोबर येणाऱ्या वाकड्या तारेच्या खुंट्या गवताळ मातीसाठी असतात. आपल्याकडच्या मुरमाला जाड पोलादी खिळ्यासारख्या खुंट्या आणि खरा हातोडा लागतो, दगडाने ठोकून खुंटीचं डोकं वाकतं. पुण्याच्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, हव्या त्या लांबीच्या मिळतात, दोरीही तिथेच घ्या. खुंटी तिरपी ठोका, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं.

धरणकाठच्या गाळाची गोष्ट उलटी. तिथे खुंटी बोटाने जाते आणि बोटानेच निघते. लांब खुंट्या वापरा, किंवा कापडी पिशवीत दगड भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरा.

सोसायटीत मुलाच्या वाढदिवसाला पेव्हर ब्लॉकवर लावता येईल?

येईल, वारा नसेल तर. खुंट्यांऐवजी प्रत्येक कोपऱ्याला २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार बांधा. खाली जाड सतरंजी टाका. खांबांवर चढून घसरगुंडी करायला मात्र परवानगी नाही, हे पाहुण्या मुलांना आधीच सांगा.

रात्री हवा गेली तर?

चांगल्या तंबूत दोन ते चार खांब असतात आणि प्रत्येकाची हवा वेगळी. एकाच ठिकाणाहून सगळे भरायची सोय असेल, तर मधले छोटे वाल्व्ह भरून झाल्यावर बंद करायला विसरू नका, नाहीतर एक गेला की सगळे जातील. एक खांब बसला तरी ताणाच्या दोऱ्या लावलेल्या असतील तर तंबू अंगावर कोसळत नाही, एक बाजू ओघळते इतकंच.

आधी वाल्व्ह तपासा. 'पंक्चर' म्हणून येणाऱ्या तंबूंत वाल्व्ह नीट न आवळलेला किंवा त्यात वाळूचा कण अडकलेला असणं हे सर्रास दिसतं. उघडा, फुंकर मारा, ओल्या फडक्याने पुसा, परत आवळा. तरीही हवा जात असेल तर झोपण्यापूर्वी भरा, पहाटे पुन्हा भरा, बाकीचं घरी.

घरी पंक्चर कसं काढू? सायकलवाल्याकडे नेऊ का?

सायकलवाल्याचं सोल्यूशन रबरासाठी असतं, टीपीयूवर ते धरत नाही. दुसऱ्या दिवशी ठिगळ अख्खं सुटून हातात येतं. तंबूबरोबर आलेलं टीपीयूचं ठिगळच वापरा.

बाहीची चेन उघडा. नळी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला एक लांब सुतळी बांधा. नळी बाहेर येईल तशी सुतळी बाहीत शिरेल आणि परत घालताना त्याच सुतळीने नळी आत ओढता येईल. हे न केलेले लोक नळी बोळ्यासारखी हातात घेऊन आमच्याकडे येतात. बाहेर काढलेल्या नळीत हवा अगदी थोडी भरा, आकार येण्यापुरती. बाही नसताना तिला ताण सोसत नाही, तंबूइतका दाब दिलात तर एका जागी फुगा येऊन फुटेल.

मग साबणाच्या पाण्याचा स्पंज फिरवा, बुडबुडे येतील तिथे पेनाने गोल करा. नळी वाळवा, हवा काढा, ती जागा स्पिरिटने पुसा, ठिगळ लावा, वर जड पुस्तक ठेवा आणि किटवर लिहिलाय तेवढा वेळ खरोखर थांबा. परत घालताना बाहीत बोटं घालून काटा किंवा कुसळ शोधा. ते तिथेच असतं.

सकाळी आतून पाणी टपकत होतं. गळतोय का?

रात्री पाऊस नव्हता ना? मग ती तुमचीच वाफ. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि घामातून वाटीभर तरी पाणी सोडतो. डिसेंबरात धरणकाठी बाहेरचं कापड गार पडतं आणि ते पाणी त्यावर जमतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की हे होणारच. वरच्या जाळ्या उघड्या ठेवा आणि पांघरूण वाढवा.

वळवाचा पाऊस आला तर?

पावसाचं पाणी चांगला तंबू सोसतो. कापडाचा जलरोध, म्हणजे किती उंच पाण्याचा दाब ते सोसेल, मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, ३००० च्या पुढचा घ्या. पण वळवात पाणी कमी आणि वारा जास्त. ढग काळवंडले की पडवी मिटा, दोऱ्या आवळा, दारं लावा. विजा असतील तर तंबूत थांबू नका, गाडीत जाऊन काचा वर करून बसा. तंबू विजेपासून कोणतंही संरक्षण देत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये लोणावळा, ताम्हिणीकडे तंबू नेऊ का, असंही विचारतात. तंबू टिकेल. घरी आल्यावर तो कुठे वाळवणार हे सांगा, मग आम्ही भाड्याने देतो.

आत शेगडी पेटवली तर चालेल? थोडीशीच.

नाही. कोळशाची, गॅसची, विझत आलेली, पडवीतली, कोणतीच नाही. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साईड निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. बार्बेक्यू झाल्यावर ऊब म्हणून शेगडी आत ओढणं हे सगळ्यात धोक्याचं. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूला आणि लांब पेटवा. ठिणगीने पडलेली भोकं टाचणीच्या डोक्याएवढी असतात, दिवसा कळत नाहीत, पावसात सगळी एकदम कळतात.

फ्लॅटमध्ये एवढा मोठा तंबू वाळवायचा कसा?

हाच खरा प्रश्न, आणि खरेदीच्या वेळी हा कुणी विचारत नाही.

शक्य तेवढं तिथेच वाळवा. रविवारी सकाळी दहापर्यंत दव उडून जातं, पण सगळ्यांना ट्रॅफिकच्या आधी चांदणी चौक गाठायचा असतो म्हणून आठलाच गुंडाळतात. दोन तास थांबा, पोहे खा. आतली खोली सोडवून वेगळी टांगा, तंबू उलटा करून तळ उन्हाला द्या. तळ नेहमीच ओला असतो, कोरड्या रात्रीनंतरही.

तरी ओला आणावा लागला तर चोवीस तासांच्या आत उघडा. सोमवारी ऑफिस असलं तरी. गच्ची मिळत असेल तर उत्तम, सेक्रेटरींना आधी विचारून ठेवा आणि टाकीच्या पाइपाला बांधा, नाहीतर तो शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर वाळेल. दोन-तीन तासांचं ऊन पुरतं.

गच्ची नसेल तर बाल्कनीच्या ग्रिलपासून हॉलच्या दरवाजापर्यंत दोन दोऱ्या बांधा आणि तंबू दुहेरी न टाकता लांब पसरवून टाका. खालच्या मजल्यावर पाणी गळेल, तेव्हा कडेला जुने टॉवेल गुंडाळा. पंखा फुल्ल. दर चार-पाच तासांनी बाजू बदला. पावसाळी हवेत याला दोन दिवस लागतात आणि या दोन दिवसांत घरात वातावरण जरा तंग असतं, त्याला इलाज नाही.

कापड हाताला कोरडं लागलं म्हणून घडी घालू नका. शिवण चिमटीत धरून दाबा, बोटांना गार लागली तर ती अजून ओली आहे. दोऱ्यांच्या फासांची जागा, खालची चिखलाची झालर, वाल्व्हचा खिसा आणि बाहीच्या आतलं अस्तर ही ठिकाणं सगळ्यात शेवटी वाळतात. बाह्यांच्या चेन उघड्या ठेवा. खुंट्या धुऊन वेगळ्या पिशवीत ठेवा, गंजाचे डाग कापडातून निघत नाहीत.

काळे ठिपके आलेत आणि आतून चिकट लागतंय. दुरुस्त होईल?

काळे ठिपके ही बुरशी. मऊ स्पंज आणि कोमट पाण्याने ती पुसता येते, डाग राहतात. ब्लीच लावू नका. चिकटपणा वेगळा. जलरोधक थर दमट हवेत वर्षानुवर्षं राहिला की पाण्यानेच त्याची रासायनिक मोडतोड होते, तो लिबलिबीत होतो, आंबूस वास येतो, शिवणींवरची पट्टी सोलून निघते. ते परत येत नाही. असा तंबू आमच्याकडे आणलात तर आम्ही नळ्या आणि वाल्व्ह काढून ठेवायला सांगू.

वॉशिंग मशीनमध्ये घालू का?

नको. निरमा, सर्फही नको, त्याने वरचा पाणी झटकणारा थर जातो. चिखल वाळू द्या, मऊ ब्रशने झाडा, बाकीचं साध्या पाण्याने पुसा. पक्ष्यांची शिट त्याच दिवशी पुसा. पावसाचे थेंब कापडावर गोळा न होता पसरायला लागले की जलरोधक स्प्रे मारायची वेळ झाली. चेन अडकत असेल तर दात ब्रशने साफ करून मेणबत्ती फिरवा. रनर गेला असेल तर बॅगा दुरुस्त करणारे बदलून देतात, त्यासाठी तंबू टाकायची गरज नाही.

ठेवायचा कुठे?

पार्किंगमधल्या कपाटात नको, उंदीर नळ्या कुरतडतात. स्लॅबखालचा माळा उन्हाळ्यात तापतो. बेडचा बॉक्स सगळ्यात बरा. कंपनीच्या आवळ पिशवीत कोंबण्यापेक्षा जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळा, दर वेळी वेगळी घडी पडू द्या, वाल्व्ह उघडे ठेवा. डांबरगोळ्या टाकू नका, बुरशी त्यांनी थांबत नाही आणि मुलं रात्रभर त्या वासात झोपतात. दसऱ्याच्या आसपास एकदा काढून, उभा करून दिवसभर हवा द्या. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी दुरुस्तीला वेळही मिळतो.

न्यायचा कुठे? गडावर लावता येईल?

गडावर नको. संरक्षित किल्ल्यांवर आणि राखीव वनात मुक्कामाला पुरातत्त्व किंवा वन खात्याची परवानगी लागते, आणि वीस किलो घेऊन चढणार कोण? पवना, मुळशी, पानशेत, भाटघर, जरा लांब भंडारदरा, या बाजूंना खासगी जागा मिळतात. फोनवर दोनच गोष्टी विचारा. स्वतःचा तंबू लावू देता का, आणि गाडी तंबूच्या जागेपर्यंत जाते का. पाण्याच्या अगदी कडेला लावू नका, धरणाची पातळी तुम्हाला विचारून बदलत नाही.

जुना तंबू विकत घ्यावा का?

घ्या, पण उभा केलेला बघून. पिशवी उघडताच नाक आत घाला, आंबूस वास आला तर पुढचं काही बघायची गरज नाही. आतलं कापड एकमेकांवर दाबून सोडा, चिकटून सुटलं तर नको. हवा भरून गेजचा आकडा लिहा, चहाला जा, निवांत तासाभराने सावलीतच परत आकडा बघा. एखाद-दुसरं ठिगळ असेल तर त्यावरून भाव पाडा, सोडू नका. मालक म्हणाले, "एकदाच वापरलाय, पण आत्ता उघडायला जागा नाही," तर जागा मिळेल त्या रविवारी या असं सांगून निघा.